दाबल्यावर न जाणारे डाग

सकाळी मोबाइल उघडला की गुड मॉर्निंगच्या गुलाबांच्या मधोमध कोणाची तरी पोटरी येते. कधी दंड, कधी मांडी, कधी नातवाचं पोट. खाली लिहिलेलं असतं, 'मॅडम, हे काय असेल?' दवाखाना बंद करून मला बरीच वर्षं झाली. अमरावतीतल्या त्या इमारतीत माझ्या पाटीच्या जागी आता स्पर्धा परीक्षांच्या क्लासची पाटी आहे. पण लोकांच्या फोनमधून माझा नंबर काही गेलेला नाही. मी चष्मा चढवते, फोटो दोन बोटांनी मोठा करते आणि नकळत माझा अंगठा त्या डागावर जाऊन दाबतो. फोटो सरकतो आणि पुढच्या गुलाबावर जाऊन थांबतो.

हल्लीच्या फोटोंना सगळं जमतं, फक्त ते दाबून घेत नाहीत. आणि आमच्या धंद्यात निम्मं काम दाबण्याचं होतं.

मी त्वचारोगतज्ज्ञ होते. आमच्या वऱ्हाडात म्हणतात 'चामडीची डॉक्टरीन'. पुण्याच्या मैत्रिणीला ते ऐकून कसंसंच व्हायचं. मला कधी काही वाटलं नाही, चामडीच तर पाहत होते. गजकर्ण, खरूज, पुटकुळ्या, केस गळणं यावर माझं घर चाललं. पण या अंकाच्या संपादकीणबाईंनी 'कामाच्या आठवणी लिहा' म्हटलं तेव्हा मला गजकर्ण आठवलं नाही. आठवली ती माणसं, जी सांगत की कुठे आपटलो नाही, पडलो नाही, कोणी मारलं नाही, आणि तरी अंग काळंनिळं झालेलं असे. कोणाच्या पायावर राजगिऱ्याएवढे लाल ठिपके, कोणाच्या दंडावर तळहाताएवढा जांभळा चट्टा. हा रोग चामडीचा नसतो. चामडी फक्त बातमी देते, आणि ती बातमी वाचायला लोक माझ्याकडे येत.

अशा माणसाला मी आधी खिडकीशी न्यायची. ट्यूबलाइटच्या उजेडात जांभळा, निळा, लाल सगळे एकमेकांत मिसळतात. दिवसाच्या उजेडात त्यांचे रंग वेगळे कळतात. मग काचपट्टी काढायची. सूक्ष्मदर्शकाखाली ठेवतात ती साधी बोटभर काच. ती डागावर ठेवून अंगठ्याने दाबायची आणि आरपार पाहायचं. डाग फिका पडला तर रक्त अजून नळीतच आहे. नाही पडला तर रक्त नळीबाहेर येऊन कातडीत मुरलेलं आहे. शेतकऱ्याला मी सांगायची, 'तुमच्या ठिबकच्या नळीतलं पाणी दाबून पुढे सरकवता येतं ना? पण नळी फुटून मातीत मुरलेलं पाणी सरकवून दाखवा.' त्याला लगेच कळायचं. पुढे नळी का फुटली, की रक्त गोठवणाऱ्या पेशीच कमी झाल्या, हे शोधायचं. त्यासाठी विचारायचं की दुखण्याच्या गोळ्या मेडिकलमधून परस्पर घेता का, ताप आला होता का, हिरड्यांतून रक्त येतं का, पाळीत जास्त जातं का, घरात आणखी कोणाला असं आहे का. मग पोट चाचपून पानथरी, म्हणजे प्लीहा, हाताला लागते का पाहायचं. आणि मग रक्त तपासायला पाठवायचं. या सगळ्यात माझे हात रोग्याच्या अंगावर असायचे आणि माणसं हात लागला की बोलायची.

सगळेच डाग रक्ताचे नसत. एक कॉलेजची मुलगी रडतच आली, दोन्ही मांड्या निळ्या. डेंग्यूच्या साथींपासून आमच्याकडे घरोघरी 'पेशी' हा शब्द पोचला आहे. आईने मुलीच्या पेशी कमी झाल्याचं घरीच ठरवून तिला पपईच्या पानांचा रस पाजला होता. मी स्पिरिटचा बोळा मांडीवरून फिरवला, तर बोळाच निळा झाला. नव्या जीन्सचा रंग होता. मुलगी रडता रडता हसायला लागली. आई मात्र गंभीरपणे म्हणाली, 'मंग रस वाया गेला म्हना की.'

इतवारा बाजारातले एक कपड्यांचे व्यापारी पाठीवर ओळीने गोल गोल जांभळे डाग घेऊन आले. त्यांच्यापेक्षा त्यांची बायको घाबरलेली. ते म्हणाले, 'मैं बोल रहा इसको, हिजामा कराया, कप लगाये थे पीठ को. मानतीच नहीं.' ती म्हणाली, 'पहले तो बोले नहीं थे. दाग दिखे तब बोले.' तिचं म्हणणं खरं होतं. अंगावरचा डाग दिसेपर्यंत नवरा काही बोलत नाही, हा अनुभव सर्वधर्मीय आहे. आणि दर्यापूरकडचे एक आजोबा गुडघ्याभोवतीचे काळे ठिपके दाखवून 'रक्ताचा कॅन्सर' म्हणत होते. गुडघेदुखीवर सुनेने बिब्बा लावला होता, हे त्यांनी शेवटी, अगदी उठता उठता सांगितलं.

घरी आल्यावर हे मी आमच्या ह्यांना सांगायची. हे कॉलेजात भूगोल शिकवायचे. रक्ताचं नाव काढलं की जेवण बाजूला सारायचे, पण ऐकायचे सगळं. त्यांना एक खोड होती. माझ्या हातावर साधा ओरखडा दिसला तरी मनगट धरून विचारायचे, 'हे कशाने?' मी चिडायची. म्हणायची, 'मी डॉक्टर आहे, मला कळतं.' तर म्हणायचे, 'म्हणून तर विचारतो. तुला दुसरं कोण विचारणार?'

सगळ्यांचे अहवाल बिब्ब्यावर आणि जीन्सवर संपले नाहीत, हेही सांगायला हवं. काही वेळा काच दाबली, डाग गेला नाही, आणि पॅथॉलॉजिस्टचा फोन आला तो रक्तात वाईट पेशी दिसल्याचा. त्या माणसांना नागपूरला पाठवायचं आणि वाट पाहायची. त्यातले काही परत आले नाहीत. त्यांचे चेहरे मला आठवतात, पण त्यांच्याबद्दल लिहायला माझा हात चालत नाही. मी वैष्णवीबद्दल लिहिते.

वैष्णवी आली तेव्हा तिच्या लग्नाला वर्षही झालं नव्हतं. माहेर अकोटचं, सासर अंजनगाव सुर्जीजवळच्या खेड्यातलं, संत्र्याचा बगीचा असलेलं घर. सोबत सासू आणि नवरा गजानन. सासू पुढे येऊन बसली आणि नवरा दाराशीच उभा राहिला, भिंतीला पाठ लावून. असा दूर उभा राहणारा नवरा आम्ही डॉक्टर बायका लगेच मनात टिपून ठेवतो.

'डॉक्टरीनबाई, पोरीच्या अंगावर काय उठून राह्यलं देव जाने,' सासू म्हणाली. 'हात लावला का डाग, हात लावला का डाग.'

मी वैष्णवीला खिडकीशी घेतलं आणि पडदा ओढला. पायांवर चट्टे होते. परकराच्या नाडीखाली कंबरेभोवती लाल ठिपक्यांची वर्तुळाकार ओळ होती, पैंजणाखाली तशीच दुसरी. दोन्ही मनगटं जांभळी, आणि त्यांवर एकही बांगडी नाही. आणि उजव्या दंडावर चार बोटांचे ठसे, एकमेकांशेजारी, मोजता येतील इतके स्पष्ट. पलीकडून अंगठ्याचा ठसा.

काच ठेवून दाबली. ठिपके गेले नाहीत. मग तिला तोंड उघडायला सांगितलं. गालाच्या आतल्या बाजूला रक्ताने भरलेले काळपट फोड होते. तोंडातले असे फोड म्हणजे रक्तस्राव आत कुठेही होऊ शकतो. मी ताबडतोब रक्त घ्यायला लावलं आणि गल्लीतल्या पॅथॉलॉजिस्टला फोन करून सांगितलं की हातातलं सगळं सोडून हे आधी पाहा.

अहवालाची वाट पाहत होतो आणि बाहेर आरडाओरडा सुरू झाला. माझी रिसेप्शनिस्ट मुमताज कोणाला तरी थोपवून धरत होती, 'भाऊ, आत पेशंट आहे, ऐसे नहीं जाते.' तिला बाजूला करून आत आले ते वैष्णवीचे वडील नामदेवराव. अकोटच्या कापूस जिनिंगमध्ये उभी हयात गेलेला उंच, राकट माणूस. लेकीला अमरावतीला नेलंय एवढं कळल्याबरोबर ते तसेच निघाले होते.

'डॉक्टरीनबाई, तुमी फक्त लिहून द्या का हे माराचे डाग आहेत,' ते म्हणाले. 'बाकीचं मी पोलिसात पायतो.'

त्यांची हकीकत अशी. दोन-चार दिवसांपूर्वी ते लेकीला भेटायला अंजनगावला गेले होते. ती पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली आणि त्यांनी तिचे हात पाहिले. उघडे. 'नवरा जिवंत असलेल्या बाईचे हात उघडे, अन् वरतून मनगटं कायेनिये! बांगड्या फोडल्या याईनं तिच्या हातातल्या. इचारलं तं ती बोलत नाई, हा बी बोलत नाई. मंग मी काय समजू?'

गजानन मान खाली घालून उभा होता.

नामदेवरावांना माझ्याकडून एक वाक्य हवं होतं. ते वाक्य 'हो' असतं तर गजानन त्याच दिवशी चौकीत बसला असता आणि वैष्णवीचा संसार तिथेच संपला असता. 'नाही' म्हणावं, तर दंडावरची चार बोटं मला दिसत होती. आता लोकांना वाटतं की अहवाल आला, पेशी कमी निघाल्या, की प्रश्न मिटला. तसं नसतं. पेशी कमी असलेल्या बाईलाही घरात मार बसू शकतो. उलट तिला मारलेलं पचून जातं, कारण प्रत्येक डागाला आजाराचं नाव देता येतं. मी सगळ्यांना बाहेर काढलं, मुमताजला दोन्ही घरं वेगवेगळ्या बाकांवर बसवायला सांगितलं आणि दार लावलं.

'घरी कोणी मारतं का?' मी सरळ विचारलं. हा प्रश्न आडून विचारू नये.

'नाई.'

'ढकलतं? हात पिरगाळतं? तू इथे काय बोललीस ते तुझ्या परवानगीशिवाय बाहेर जाणार नाही.'

ती माझ्याकडे पाहत राहिली. मग तिचे डोळे भरून आले. 'मारत नाई मॅडम. मले कोनी हातच लावत नाई.'

संक्रांतीच्या आधी गावात कासारीण आली होती. तिने वैष्णवीचा हात दाबून, आवळून हिरव्या बांगड्या भरल्या, भरतात तशाच. दुसऱ्या दिवशी मनगटं जांभळी झाली. सासू घाबरली. काच रुतते म्हणून तिने साबण लावून एकेक बांगडी काढली. 'एक बी फुटू देली नाई,' वैष्णवी म्हणाली. मग एकदा ट्रॅक्टरवर चढताना तिचा पाय घसरला आणि गजाननने तिचा दंड धरून तिला वर ओढलं. सकाळी त्याची बोटं तिच्या दंडावर उमटलेली होती.

'ते पाहून ते लय भेले,' ती म्हणाली. 'म्हनाले, माये बोटं उमटले तुया अंगावर. तवापासून दुसऱ्या खाटेवर झोपतात. चहा बी माया हातात देत नाईत, खाली ठेवतात अन् मी उचलतो. मॅडम, मले मरन्याचं एवढं भेव नाई वाटत. पन मानसानं मानसाले हातच नाई लावायचा, म्हंजे राहायचं कसं?'

मी तेव्हा तिचा हात धरूनच बसले होते.

अहवाल आला. रक्त गोठवणाऱ्या पेशी जवळजवळ नव्हत्याच. पण बाकीच्या पेशी ठीक होत्या, वाईट काही दिसत नव्हतं. वरच्या मजल्यावर आमचे फिजिशियन बसायचे, ते खाली आले आणि त्यांनी तिला तपासलं. मग आम्ही सगळ्यांना आत बोलावलं. वैष्णवीला विचारून मी सांगितलं.

'अंगातले पहारेकरी असतात, रोगजंतूंना मारणारे,' मी म्हणाले. 'हिच्या अंगातले पहारेकरी घरच्याच पेशींना चोर समजून मारत आहेत. पेशी नाहीत म्हणून साधा हात लागला तरी रक्त बाहेर येतं. नाडीने आलं, पैंजणाने आलं. नामदेवराव, गालाच्या आतही आलं आहे, तिथे कोण मारायला जाणार? तिला पडण्यापासून वाचवताना धरलं, त्याचा हा दंडावरचा डाग. मी तिला एकटीला विचारलं आहे. तिला कोणी मारलेलं नाही.'

नामदेवरावांनी लेकीच्या उघड्या मनगटांकडे बोट केलं. मग म्हणाले, 'अन् बांगड्या?'

सासूने पिशवीत हात घालून रुमालाची पुरचुंडी काढली आणि टेबलावर सोडली. हिरव्या बांगड्या होत्या, सगळ्या अख्ख्या, अजून साबणाचा वास येत होता. 'दवाखान्यात बरं वाटलं तं तिथंच घालू म्हनून आनल्या होत्या,' ती म्हणाली. 'अशी उघड्या हातानं पोरगी घरी परत कशी नेऊ?'

हिंदी सिनेमात इथे व्याही गळ्यात पडतात. आमच्याकडे तसं होत नाही. नामदेवरावांनी बांगड्या पाहिल्या, तोंड फिरवलं आणि म्हणाले, 'ठीक आहे. पोलिसात नाई जात. पन पोरगी मी नेतो. बरी होईस्तोवर अकोटलेच ठेवतो.' चूक कळलेल्या माणसाला निदान एवढं तरी आपल्या मनासारखं करून हवं असतं. गजाननने मान हलवली.

वैष्णवीला वरच्या डॉक्टरांनी दवाखान्यात ठेवलं, स्टेरॉइड सुरू केलं. मी रोज जाऊन तोंडातले फोड पाहायची. ते सुकले तेव्हा मी कित्येक दिवसांनी घरी पोटभर जेवले. मग ती अकोटला गेली आणि तपासणीसाठी ठरलेल्या दिवशी वडिलांबरोबर यायला लागली. आधी वरच्या मजल्यावर जायची, मग माझ्याकडे.

आता त्यांची एसटी अकोटहून निघायची ती अंजनगाववरून यायची. गजानन अंजनगावच्या स्टँडवर त्याच गाडीत चढायचा. वैष्णवी खिडकीशी, शेजारी नामदेवराव, आणि हा मागे दांड्याला धरून उभा. अमरावतीपर्यंत एका गाडीत यायचे आणि माझ्या दवाखान्यात मात्र वेगवेगळे पोचल्यासारखे शिरायचे. मुमताजने पहिल्या दिवशी वेगळं बसवलं होतं, ते बाक त्यांनी तसेच धरून ठेवले. मुमताज आत येऊन म्हणायची, 'मॅडम, वो अंजनगाववाला फिर आया. नंबर नहीं लगाता, कुछ बोलता नहीं, बस बैठता.' जाताना तो बाकावर दोन संत्री ठेवून जायचा. वैष्णवी ती उचलायची आणि नामदेवराव शेजारच्या भिंतीवरचं गजकर्णाचं पोस्टर वाचायचे.

मला या सगळ्यांचाच राग यायचा. पोरीच्या पेशी वर येत होत्या, डाग पिवळे होऊन विरत चालले होते, औषधाने तिचे गाल फुगले होते आणि तोंडावर पुटकुळ्या आल्या होत्या, आणि या तिघांना बाकावरून उठवत नव्हतं. घरी मी ह्यांना म्हटलं, 'कोणीतरी एकाने बोलावं की.' हे म्हणाले, 'तो कशाचं बोलणार? त्याला अजून त्याची बोटं दिसत असतील.' भूगोलाच्या माणसाला हे दिसलं आणि मला दिसलं नव्हतं.

पुढच्या तपासणीला पेशी चांगल्या आल्या. वरच्या डॉक्टरांनी गोळ्या कमी करायला सांगितलं. मी तिघांनाही आत बोलावलं.

'हा आजार परत येऊ शकतो,' मी म्हणाले. 'नवा ठिपका दिसला तर घरात ओळखता यायला पाहिजे. नामदेवराव, तुम्ही शिकता का?'

'मले जवळचं दिसत नाई,' नामदेवराव म्हणाले. ते खरंच होतं, नाही तर गजकर्णाचं पोस्टर त्यांचं केव्हाच वाचून झालं असतं.

'मग गजानन, तुम्ही या. हिचं मनगट धरा.'

तो जागचा हलला नाही. 'मी नाई मॅडम. माया हातानं डाग पडते.'

'पडत नाही आता.'

'पडला तं?'

मी काही बोलायच्या आत वैष्णवीनेच हात पुढे केला आणि टेबलावर ठेवला. तो आला. त्याने तिचं मनगट धरलं, पण एखादी वस्तू मोडेल अशा भीतीने. मी काच ठेवली, त्याचा अंगठा त्यावर ठेवला आणि म्हटलं, 'दाबा. अजून. घाबरू नका, मी इथे आहे.' त्याने दाबलं.

'काय दिसतं?'

'पांढरं झालं.'

'सोडा.'

'परत लाल आलं.'

'हे असं जातं-येतं, म्हणजे रक्त नळीत आहे. भ्यायचं काम नाही.'

त्याने काच उचलली आणि मनगट तसंच धरून ठेवलं. वैष्णवीचे डोळे वाहत होते आणि ती हसतही होती. मला वाटतं, त्या खोलीत मी केलेलं सगळ्यात चांगलं काम ते असेल. मी नामदेवरावांना म्हटलं, 'उद्या उजेडात हे मनगट पाहा. जवळचं दिसत नसेल तर शेजाऱ्याला दाखवा. डाग पडला तर मला फोन करा.'

दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला. समोरचा पेशंट सोडून मी तो घेतला.

'मॅडम, डाग नाई पडला,' ते म्हणाले.

'मग फोन कशाला केलात?'

मग आवाज आला, 'जावयाले म्हनतो, ये अन् घिऊन जाय. म्हनू का?'

'म्हणा,' मी म्हणाले.

ती काचपट्टी मी गजाननला देऊन टाकली होती. कडा घासून बोथट केलेली, हाताला न लागणारी. नंतर आजार एकदा उलटला, पुन्हा औषधं झाली, पुन्हा पेशी वर आल्या. बाळंतपणात आम्हा सगळ्यांचा जीव टांगणीला लागला होता, पण मुलगी सुखरूप झाली. पुढे मी दवाखाना बंद केला. मुमताज तिच्या लेकीकडे अकोल्याला गेली. आणि दोन वर्षांपूर्वी हे गेले.

मुलगा बंगळुरूला असतो. रोज व्हिडिओ कॉल करतो, चांगला आहे. पण व्हिडिओत माझा चेहरा दिसतो, हात दिसत नाहीत. माझ्या दोन्ही हातांवर आता जांभळे डाग पडतात. दाराच्या कडीला हात घासला, भाजीची पिशवी मनगटात अडकवली, की पडला डाग. त्यात गूढ काही नाही. वयाने कातडी पातळ झाली, आणि हृदयासाठी रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे. पेशी मी तपासून घेतल्या आहेत, ठीक आहेत. असे डाग मी शेकड्यांनी पाहिले आणि शेकडो म्हाताऱ्यांना सांगितलं की याची काळजी करायची नसते. मीही करत नाही. मला फक्त तो प्रश्न ऐकू येत नाही. घरात डाग घेऊन हिंडते आणि 'हे कशाने?' असं कोणी विचारत नाही. त्या प्रश्नासाठी मी इतकी आसुसलेली असेन असं मला हे असताना कधी वाटलं नव्हतं. तेव्हा मी चिडत होते.

गेल्या हिवाळ्यात वैष्णवी आणि गजानन आले. अमरावतीला काही कामाने आले होते, संत्री घेऊन घरी आले. सोबत लेक, जिना धावत चढणारी. वैष्णवीच्या हातात मनगटभर हिरव्या बांगड्या. मी चहाचा कप पुढे केला तो तिने घेतला, खाली ठेवला आणि माझं मनगट धरलं.

'मॅडम, हे काय लागलं तुमाले?'

मग मी वयाचं आणि गोळीचं सगळं सांगायला लागले, जसं सांगत आले तसं. तिने ऐकून घेतलं असेल, पण विश्वास ठेवला नाही. तिने पर्स उघडून रुमाल काढला. त्यात ती काचपट्टी होती. पेशी मधूनच घसरतात, म्हणून ती अजून सोबत ठेवते.

'तुमी पाहा,' ती गजाननला म्हणाली. 'तुमाले चांगलं जमते.'

त्याने खुर्ची खिडकीकडे ओढली, मला उजेडात बसवलं, माझा हात आपल्या मांडीवर घेतला आणि डागावर काच ठेवून अंगठ्याने दाबलं. नीट दाबलं, मी शिकवलं होतं तसं. वाकून पाहिलं. त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या.

'मॅडम, नाई जाऊन राह्यला डाग.'

तो जाणार नव्हताच. काच ठेवायच्या आधीच मला ते माहीत होतं.

'इतक्यात कळत नाही,' मी म्हणाले. 'अजून थोडा वेळ दाबून धर.'